चार जिमची तक्रारवही

१० नोव्हेंबर २०२५

आज सोलापुरात, बाळीवेशीतल्या अण्णांच्या जिममध्ये चार छोट्या जिमचे मालक एकत्र बसले. बोलावलं होतं अण्णांनी. मी कॉलेजपासून इथंच व्यायाम करत आलेय. अण्णांच्या वडिलांच्या काळात इथं तालीम होती. हौदाची माती काढून फरशी घातली, तरी मारुतीची तसबीर आणि करेलाच्या (व्यायामाच्या जड लाकडी मुद्गलांच्या) दोन जोड्या अजून कोपऱ्यात आहेत. पुण्यातली डेटाची नोकरी घरून करायला मिळाल्यावर मी सोलापुरात परत आले, तेव्हा अण्णा पहिल्यांदा हेच म्हणाले होते, "एवढे आकडे दुसऱ्यांचे बघतीस, आमचे पण बघ की पोरी."

गाऱ्हाणं चौघांचं एकच. शहरात ब्रँडेड जिम आली आणि संध्याकाळच्या बॅचमधली माणसं तिकडं वळली. त्यात २२ सप्टेंबरपासून जिमवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. या चौघांची उलाढाल २० लाखांच्या आत, त्यामुळे त्यांना जीएसटी लागू नाही. १०,००० रुपयांच्या वर्षाच्या फीवर मोठ्या जिमवाल्याला आधी ११,८०० घ्यावे लागायचे, आता तेच १०,५००. छोट्यांना तेवढा आडोसा होता, तो बराचसा गेला. म्हणून माझ्याकडे काम आलं ते असं: चारही जिमचे गुगलवरचे रिव्ह्यू वाचायचे आणि काय सुधारायचं ते सांगायचं.

विजापूर रोडच्या मालकांनी मोबाइल पुढे केला. व्हॉट्सॲपवर कुणीतरी दर पाठवला होता, इतक्या पैशांत शंभर पाच-स्टार रिव्ह्यू. "घेऊन टाकू का?" मी म्हटलं, घेणार असाल तर मी या कामात नाही. विकतचे रिव्ह्यू नकोत, सूट देऊन लिहून घेतलेले नकोत, आणि वाईट लिहिणाऱ्याला फोन करायचा नाही. या तीन गोष्टींवर बरीच वादावादी झाली. अण्णांनी चहा मागवला आणि शेवटी चौघांनी मान हलवली. मुदत फेब्रुवारीअखेर. पैसे मी घेणार नाही, माझी वर्षाची फी अण्णांनी माफ केली तेवढंच.

१३ नोव्हेंबर

रिव्ह्यू वाचण्याआधी गुगल मॅपवर या जिम दिसतात तरी कशा ते बघितलं. फार वाईट.

जुळे सोलापूरच्या जिमची पिन मागच्या सोसायटीच्या गेटवर आहे. तिथल्या वॉचमनला रोज दोघं-तिघं विचारतात म्हणे. अण्णांची जिम दोनदा नोंदलेली, एकदा त्यांनी स्वतः आणि एकदा कुणा जुन्या मेंबरनं, आणि रिव्ह्यू दोन्हीकडे वाटले गेलेत. अशोक चौकातली जिम '२४ तास उघडी' दिसते. खरं तर दहा ते चार बंद असते. विजापूर रोडवाल्यांचा मोबाइल नंबर जुना.

जवळच्या शोधात वर कोण दिसणार ते तीन गोष्टींवर ठरतं, असं गुगल स्वतःच सांगतं. शोधलेल्या शब्दांशी धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तो किती लांब आहे, आणि त्याचं नाव किती पसरलेलं आहे. रिव्ह्यूंची संख्या आणि स्टार या तिसऱ्या गोष्टीत मोजले जातात. अंतर आपल्या हातात नाही, पण बाळीवेशीत उभ्या माणसाला बाळीवेशीतलीच जिम जवळ असते. एवढं एक माप छोट्या जिमच्या बाजूनं आहे, आणि चुकीच्या पिननं तेही घालवलेलं.

दिवस सगळा यातच गेला. दोन नोंदी एक करण्याचा अर्ज केला. मालकी सिद्ध करायला व्हिडिओ लागला, त्यात गल्ली, पाटी आणि आतल्या मशिनी एका दमात दाखवायच्या होत्या. अण्णांचा नातू मोबाइल धरून तीनदा गल्लीतून चालला.

१९ नोव्हेंबर

वाचन चालू. सगळं हातानं.

प्रोग्रॅम लिहून सगळे रिव्ह्यू उतरवून घ्यावेत असं आधी मनात होतं. पण गुगलच्या अटींत ते बसत नाही, आणि त्यांचा अधिकृत एपीआय (प्रोग्रॅमला माहिती पुरवणारी सोय) एका ठिकाणाचे जास्तीत जास्त पाचच रिव्ह्यू देतो. आपल्या धंद्याचे सगळे रिव्ह्यू मालकाला त्याच्या खात्यात दिसतातच. तेव्हा रोज संध्याकाळी एकेका मालकाशेजारी बसते आणि दोनशे पानी वहीत रकाने आखून लिहिते. लिहिणाऱ्याचं नाव घेत नाही. महिना, स्टार, आणि कशाबद्दल आहे ते. रकाने: ट्रेनरचं लक्ष, गर्दी, मशिनींची दुरुस्ती, स्वच्छता, फी, बायकांची बॅच, पार्किंग, उकाडा, पाणी.

हातानं करायचं दुसरंही कारण आहे. नमुना म्हणून थोडे रिव्ह्यू भावना ओळखणाऱ्या एका फुकटच्या टूलमध्ये टाकून बघितले. सोलापूरचा माणूस रोमन अक्षरांत मराठी लिहितो, मध्येच हिंदी आणि मध्येच कन्नड. 'पहिल्याच दिवशी सरांनी पायांची वाट लावली' हा पाच स्टारचा कौतुकाचा रिव्ह्यू, टूलनं नापसंतीत घातला. 'खतरनाक ट्रेनर' तसाच. उलट 'सर लई मोठे आहेत, त्यांना आपल्याकडं बघायला कुठला वेळ' याला टूल म्हणालं स्तुती. इथं माणसानंच वाचायला हवं, आणि तेही सोलापूरच्या माणसानं.

आणखी एक दिसलं. पाच स्टारवाल्यांचं बहुतेक एका ओळीत संपतं, 'बेस्ट जिम', 'मस्त', अंगठा. त्यातून शिकण्यासारखं काही निघत नाही. एक-दोन स्टारवालेही थोडे, पण ते सविस्तर लिहितात. सर्वांत कामाचे निघाले तीन आणि चार स्टारवाले. ते जिममध्ये टिकलेले असतात आणि तरी काहीतरी खुपत असतं. 'सगळं चांगलं आहे पण केबलची पुली दोन महिने अडकते.' असली माणसं फार कमी लिहितात. लिहायला बसतो तो एकतर खूश असतो नाहीतर भडकलेला.

२३ नोव्हेंबर

चौघांना गणित समजावलं. ते रागावले होते, एका वाईट रिव्ह्यूनं आपले स्टार एवढे का पडतात म्हणून.

समजा, छोट्या जिमला १४ रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४.९. मोठ्या जिमला ६०० आणि सरासरी ४.३. दोघांना एकेक एक-स्टार पडला. छोट्या जिमचे ४.९ चे थेट ४.६४ होतात. मोठीचे ४.३ चे ४.२९, मॅपवर फरकसुद्धा दिसणार नाही. एकच दगड, पण विहिरीत पडला तर लाट उठते आणि सिद्धेश्वर तलावात पडला तर कुणाला कळतही नाही.

मग १४ जणांच्या ४.९ वर कुणी विश्वास का ठेवावा, हा प्रश्नही रास्तच. त्यासाठी मी माझ्या वहीत साधी दुरुस्ती करते. प्रत्येक जिमला आधीच २० काल्पनिक रिव्ह्यू ४.२ चे आहेत असं धरते आणि मग सरासरी काढते. छोटी येते ४.४९ आणि मोठी ४.३०. म्हणजे छोटी अजूनही वर, पण ४.९ एवढी नाही. ४.२ आणि २० हे माझे अंदाज आहेत, दुसरे धरले तर उत्तर थोडं हलेल. रिव्ह्यू वाढत गेले की या काल्पनिकांचं वजन आपोआप घटतं. खरे रिव्ह्यू वाढवणं एवढ्यासाठी महत्त्वाचं.

मग त्यांना हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल लुका यांचा २०११ चा अभ्यास सांगितला. अमेरिकेतल्या सिएटलमधली रेस्टॉरंट आणि येल्प या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवरचे रिव्ह्यू. एक स्टार वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढलं. पण हा परिणाम स्वतंत्र, एकट्या रेस्टॉरंटमध्येच दिसला, साखळीच्या रेस्टॉरंटमध्ये नाही. आणि येल्प जसं पसरलं तसा साखळीवाल्यांचा बाजारातला वाटा घटला. कारण सरळ आहे. साखळीचं नावच गिऱ्हाइकाला सांगतं की आत काय मिळेल. छोट्या दुकानाबद्दल सांगायला आधी गेलेल्या गिऱ्हाइकाशिवाय कुणी नसतं.

ते शहर परदेशातलं आणि धंदा खाण्याचा, म्हणून हे टक्के सोलापूरच्या जिमला चिकटवायचे नाहीत, हे मी दोनदा बजावलं. पण मला या कामाची ओढ लागली ती याच कारणानं. मोठ्याकडं पैसा आणि नाव आहे. छोट्याकडं आत येऊन गेलेल्या माणसाची साक्ष आहे. ती साक्ष खरी राहिली तरच तिचा उपयोग.

२८ नोव्हेंबर

आज एका रिव्ह्यूवर सगळी संध्याकाळ गेली. चौघांपैकी एका जिमचा, कुठल्या ते इथं लिहीत नाही. एक स्टार, साडेचार महिन्यांपूर्वीचा, उत्तर दिलेलं नाही.

'लेडीज बॅच नावाला आहे. चार वाजता आम्ही व्यायाम करतो तेव्हा ट्रेनरचे मित्र काउंटरला बसलेले असतात. काही बोलत नाहीत पण बसलेले असतात. मी फी भरून तीन आठवड्यांत सोडलं.'

मालक म्हणाले, खोटं आहे. कुणीतरी मुद्दाम टाकलंय, हिचं नाव आमच्या रजिस्टरमध्ये नाही. गुगलला कळवून काढून टाका. मी म्हटलं, आपल्याला पटत नाही म्हणून गुगल रिव्ह्यू काढत नाही. शिवीगाळ, खोटी ओळख, विषयाशी संबंध नसणं असं काही नियमाविरुद्ध असेल तरच काढतं. आणि नाव नाही म्हणता, तर लेकीच्या किंवा नवऱ्याच्या खात्यावरून लिहिलं नसेल कशावरून?

ते म्हणाले, जुलैचं रजिस्टर काढतो, तीन आठवड्यांत सोडलेल्या बायका किती असणार, फोन लावून विचारतो. तेव्हा मात्र मी आवाज चढवला. तिनं तोंडावर न सांगता इथं लिहिलं, कारण तोंडावर सांगायची तिला भीती वाटली असेल. आता तुम्ही फोन केलात तर ती भीती खरी होती असंच ठरेल. ते रजिस्टर मिटून बसले.

उद्या चार वाजता मी स्वतः जाऊन बसणार.

२९ नोव्हेंबर

बसले. चार ते साडेपाच. अकरा बायका होत्या. चार वाजून दहा मिनिटांनी दोन मुलं आली, ट्रेनरशी हात मिळवला आणि काउंटरपाशी बसली. मोबाइल बघत होती. मी घड्याळ लावलं, पाऊण तास बसली. खरंच काही बोलली नाहीत. पण त्या पाऊण तासात काउंटरसमोरच्या रॅकवर एकही बाई स्क्वॅटला गेली नाही. सगळ्या मागच्या कोपऱ्यात, आरशाकडे पाठ करून. मुलं उठून गेल्यावर पाच मिनिटांत तिघी पुढं आल्या.

हे मी स्वतः तीन वर्षं अशाच बॅचमध्ये काढूनही नीट पाहिलं नव्हतं. मीही मागच्या कोपऱ्यातच जायचे, आणि त्यामागचं कारण कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

मालकांना बाहेर बोलावून सांगितलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझी पोरगीपण याच बॅचला येत होती. मध्येच बंद केलं तिनं. मला वाटलं अभ्यासामुळं."

१ डिसेंबर

काउंटरजवळची जादा खुर्ची काढली. लेडीज बॅचच्या वेळेत दारावर पाटी, काउंटरवर लेडीज ट्रेनर, साडेपाचपर्यंत बाहेरचं कुणी आत नाही. ट्रेनरदादा आधी रुसला, "माझे मित्र काय गुंड आहेत का?" मालकांनीच त्याला समजावलं. माझ्यासमोर नाही, आत नेऊन.

मग उत्तर लिहायचं. मालकांचा पहिला मसुदा 'आमची जिम गेली १५ वर्षे सेवेत असून' असा सुरू होत होता. दुसऱ्यात 'गैरसमज झाला असल्यास' होतं. तेही खोडलं. गैरसमज झालेलाच नव्हता. शेवटी असं गेलं:

'नमस्कार ताई. तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे, आम्ही स्वतः पाहिलं. आजपासून लेडीज बॅचच्या वेळेत काउंटरवर लेडीज ट्रेनरच असतील आणि बाहेरच्या कुणालाही आत बसू देणार नाही. हे आमच्या आधीच लक्षात यायला हवं होतं. उत्तर द्यायला उशीर झाला, त्याबद्दल माफी.'

आधी बदल, मग उत्तर. हा क्रम चौघांसाठी पक्का केला. नुसतं 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' लिहायचं असेल तर गप्प बसलेलं बरं. आणि उत्तर फक्त त्या बाईसाठी नसतं. पुढच्या महिन्यात जिम शोधणारी दुसरी बाई आधी तक्रार वाचते आणि लगेच खाली मालकानं काय केलं ते बघते.

६ डिसेंबर

ब्रँडेड जिमचे रिव्ह्यूही वाचले, ते सगळ्यांना खुले आहेत. एक इथली आणि पुण्यातल्या दोन-तीन. त्यांची बदनामी करायची नव्हती. तिथं गेलेल्या माणसाला काय आवडतं आणि काय सलतं, एवढंच बघायचं होतं.

आवडतं ते: एसी, स्वच्छ बाथरूम, नव्या मशिनी, ॲपवर वेळ घेता येणं. यात छोटी जिम कुठं पुरी पडणार? पण स्वच्छ बाथरूमला पैसा लागत नाही, माणूस लागतो. हे मी चौघांना स्पष्ट सांगितलं, कारण आपल्या वहीतही स्वच्छतेचा रकाना बराच भरलेला आहे.

सलतं ते पुन्हा पुन्हा तेच: ट्रेनर सारखे बदलतात, जादा पैसे दिल्याशिवाय कुणी शिकवत नाही, एकदम वर्षाची फी भरल्यावर मध्येच सोडलं तर पैसे परत मिळत नाहीत. इथं आमची बाजू भक्कम आहे. अण्णांकडचा ट्रेनर अकरा वर्षं तोच आहे आणि मेंबरच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं तेसुद्धा त्याला पाठ असतं. पण हे अण्णांच्या रिव्ह्यूंत कुठंच आलेलं नाही. 'मस्त जिम' एवढंच. ही साक्ष आहे, पण लिहिलेली नाही.

११ डिसेंबर

रिव्ह्यू लिहिण्यासाठी क्यूआर कोडची पाटी चारही ठिकाणी लावली. खाली मराठीत: 'जसं वाटलं तसं लिहा. काय आवडलं, काय खटकलं, कोण शिकवतं.'

जुळे सोलापूरचे मालक म्हणाले, आधी विचारू खूश आहात का, खूश असेल त्यालाच कोड दाखवू. हेही चालत नाही. वाईट लिहिणाऱ्याला अडवून चांगल्यांनाच पुढं करणं गुगलच्या नियमात बसत नाही. ट्रेनरची कल्पना होती पाच स्टारला एक शेकर फुकट. तीही बाद, बक्षीस देऊन लिहून घेतलेला रिव्ह्यू गुगलला चालत नाही. शिवाय भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९०००:२०२२ हे मानक काढलंय. रिव्ह्यू कसे गोळा करायचे, तपासायचे आणि छापायचे ते त्यात आहे. ते ऐच्छिक आहे आणि मुख्यतः रिव्ह्यू छापणाऱ्या वेबसाइटसाठी आहे. तरी सरकारलाही खोट्या रिव्ह्यूंची काळजी वाटते एवढं त्यांना कळावं म्हणून सांगितलं.

मालक, ट्रेनर आणि त्यांच्या घरचे यांनी स्वतःच्या जिमला रिव्ह्यू द्यायचा नाही. अण्णांच्या नातवानं दिलेला होता. त्यानं काढला.

१८ डिसेंबर

अशोक चौकातली जिम. इथं रिव्ह्यू सगळ्यांत कमी, आणि मेंबर मात्र सगळ्यांत जास्त. पूर्व भागातली जिम, बरीच माणसं यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात. घरात तेलुगू. गुगलवर लिहायची त्यांना सवय नाही, आणि काहींना लिहायचाच कंटाळा. फक्त रिव्ह्यूंवर विसंबले असते तर ही माणसं माझ्या वहीत आलीच नसती.

मालक स्वतः तेलुगू बोलणारे. त्यांच्या मदतीनं दोन संध्याकाळी एकेकाशी बोलले. काहींनी व्हॉइस नोट दिली. यातलं काहीही त्यांच्या नावानं गुगलवर टाकायचं नाही, हे आधी ठरवलं. ज्याचं त्यानं टाकावं नाहीतर राहू द्यावं.

पहिल्या सहा जणांत चौघं एकच बोलले. "ताई, आमचा पगार आठवड्याला होतो. महिन्याची फी एकदम काढली की घरात ओढाताण होते, मग एक महिना भरतो आणि एक बुडवतो." मालक वर्षानुवर्षं समजत होते की ही पोरं आळशी आहेत, म्हणून मध्येच गायब होतात. दुसरी गोष्ट रात्रपाळीची. पाळी सुटून घरी जाऊन चहा घेऊन येईपर्यंत साडेनऊ होतात, आणि दहाला जिम बंद.

१ जानेवारीपासून ६०० रुपये महिना किंवा १५० रुपये आठवडा, आणि सकाळी साडेअकरापर्यंत उघडं. मालकांनी हिशेब बोटांवर केला आणि लगेच हो म्हणाले. वर्षाची फी आगाऊ घेणाऱ्याला असं करणं अवघड आहे. छोट्या जिमला ते एका संध्याकाळी ठरवता येतं.

२ जानेवारी २०२६

नव्या वर्षाची गर्दी. काल चारही जिममध्ये उभं राहायला जागा नव्हती. रिव्ह्यू मागायची ही वेळ नव्हे, दोन दिवस आलेल्या माणसाला काय माहीत असणार? महिना पुरा झालेल्यांनाच विचारायचं ठरलं.

१६ जानेवारी

माझी चूक झाली आणि त्याची किंमत अण्णांनी मोजली.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत गावातले रस्ते मिरवणुकीसाठी बंद असतात. शिवाय अण्णांचा ट्रेनर नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच जड काठ्या, पेलणाऱ्यांपैकी. महिनाभर रात्री सराव, आणि यात्रेचे दिवस बाराबंदी घालून मिरवणुकीत. त्या दिवसांत जिम बंद असते, बाळीवेशीतल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. पण १ तारखेला आलेल्या नव्या मेंबरांत इंजिनिअरिंगला बाहेरगावाहून आलेली मुलं आहेत. त्यांनी मॅपवर बघितलं, 'उघडी'. येऊन बघतात तर कुलूप. दोन रिव्ह्यू पडले, एक स्टार आणि दोन स्टार. 'फी घेतली आणि न सांगता बंद.'

विशेष दिवसांच्या वेळा गुगलवरच्या नोंदीत, म्हणजे लिस्टिंगमध्ये, वेगळ्या भरता येतात. तीन जिमच्या मी भरल्या होत्या, अण्णांच्या राहिल्या. गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही असं मीच धरून चालले होते.

अण्णांनी उत्तर स्वतः सांगितलं, मी फक्त टाइप केलं: 'चूक आमची. सिद्धेश्वर यात्रेसाठी बंद होतो, ते आधी कळवायला हवं होतं. तुमचे तीन दिवस फीमध्ये पुढं वाढवले आहेत. आणि पुढच्या वर्षी सरांना नंदीध्वज पेलताना बघायला नक्की या.' शेवटचं वाक्य ठेवावं की नाही याचा मी विचार केला आणि ठेवलं. दोन स्टारवाल्या मुलानं दुसऱ्या दिवशी स्वतःहून चार केले. आम्ही मागितले नव्हते. एक स्टारवाला तसाच आहे, आणि तो त्याचा हक्क आहे.

२४ जानेवारी

विजापूर रोडच्या जिमला आठवड्यात चाळीसच्या आसपास पाच-स्टार रिव्ह्यू आले. सगळे इंग्रजीत, सगळ्यांत 'प्रोफेशनल स्टाफ', आणि त्याच खात्यांवरून त्याच आठवड्यात दुसऱ्या राज्यांतली हॉटेलं आणि दातांचे दवाखाने यांनाही पाच स्टार. मी फोन केला. उचलला नाही. संध्याकाळी गेले तेव्हा म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे, पण माझा हप्ता दर महिन्याला पाच तारखेला असतो." मशिनी कर्जावर घेतलेल्या आहेत, मला माहीत आहे. ठरल्याप्रमाणे मी त्यांच्या कामातून बाहेर पडले. तिथं नोव्हेंबरपासून खऱ्या मेंबरांनी लिहिलेले सतरा रिव्ह्यू होते, चांगले, नावानिशी ट्रेनरबद्दल सांगणारे. आता ते त्या चाळिसांच्या खाली गाडले गेलेत. वाईट वाटलं ते याचं.

७ फेब्रुवारी

विजापूर रोडवाल्यांचे ते रिव्ह्यू बहुतेक गायब झालेत, आणि प्रोफाइलवर सध्या नवे रिव्ह्यू घेणं बंद आहे. त्यांचा आज फोन आला होता. खऱ्या मेंबरांनी लिहायला घेतलं तरी लिहिता येत नाही म्हणाले. बंदीची मुदत संपली की बोलू, असं सांगितलं.

बाकी तिघांचं. लेडीज बॅचमध्ये अकराच्या आता एकोणीस बायका. जानेवारीत सगळीकडेच गर्दी वाढते, म्हणून यातलं किती खुर्ची काढल्यामुळं हे मी सांगू शकत नाही. एप्रिलमध्ये किती टिकतात ते बघू. एक स्टारवाल्या ताईंनी रिव्ह्यू बदललेला नाही. पण गेल्या आठवड्यात दुसऱ्या कुणीतरी चार स्टार देऊन लिहिलंय, 'काउंटरची खुर्ची काढली, बरं वाटतं. पण आरसा पुढच्या भिंतीलाच आहे, मागे पण लावा.' मालकांनी तो मला मोठ्यानं वाचून दाखवला आणि मागच्या भिंतीचं माप घेतलं. पोरगी मात्र अजून परत आलेली नाही.

अशोक चौकात आठवड्याची फी भरणारे चाळीसच्या वर गेलेत. हे कुठल्याही रिव्ह्यूत दिसणार नाही.

अण्णांच्या ट्रेनरबद्दल नऊ जणांनी नीट लिहिलंय. एका रिटायर्ड मास्तरांनी मराठीत अख्खा परिच्छेद लिहिला, गुडघ्यापासून जिना चढण्यापर्यंत. ट्रेनरनं तो स्क्रीनशॉट काढून आईला पाठवला.

१९ फेब्रुवारी

वही आज महिन्यांप्रमाणे लावली. आधीच सुचायला हवं होतं. मालक फक्त ताजे रिव्ह्यू वाचतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातलं उन्हाळ्याबरोबरच विसरून जातात.

तिन्ही जिममध्ये एप्रिल, मे आणि जूनची पानं एकाच रकान्यात भरलेली: उकाडा, पंखा, पिण्याचं पाणी. सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि जिमचा पत्रा दिवसभर तापलेला. संध्याकाळी सहाला आत पाऊल ठेवलं की भट्टी. तीन उन्हाळ्यांतल्या तक्रारी जवळजवळ शब्दाला शब्द सारख्या. 'कोपऱ्यातला पंखा फिरत नाही.' 'पाण्याचा कूलर बंद आहे, घरून बाटली आणायला सांगतात.' आणि गर्दी उतरते तीही याच महिन्यांत. मालक म्हणायचे, परीक्षा आणि लग्नसराई.

अशोक चौकात आजच्या संध्याकाळपासून रमजानच्या वेळा लावायच्या होत्या, इफ्तारनंतरची उशिराची बॅच. या वेळी लिस्टिंगवर आधीच भरल्या आणि दोनदा तपासल्या.

मग अण्णांकडे गेले आणि तीन मे महिन्यांची पानं वाचून दाखवली. ते पंख्याकडे बघत ऐकत होते. तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला, वायरमनला फोन लावला आणि म्हणाले, "उद्या सकाळी ये. कोपऱ्यातला पंखा आणि पाण्याचा कूलर. आणि येताना पत्र्यावर मारायच्या पांढऱ्या रंगाचा भाव विचारून ये."